गाडी वळायची जागा

सरकारी गाड्यांची भाडेवाढ नको म्हणून सारे सभागृह ओरडत असताना “भाडं वाढवा” असे उभे राहून सांगणारा एकच मनुष्य मी माझ्या आयुष्यात पाहिला. ते आमच्या भागातील एका बंजारा तांड्याचे नाईक, म्हणजे त्या वस्तीचे प्रमुख होते. त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक होते. पण त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. धाकटे, थोरले, फाट्यावरचे दुकानदार, सगळे ‘नाईक’ एवढेच म्हणत.

वारंगा फाट्याजवळच्या विद्यालयात मी संस्कृत शिकवीत असे. फाट्यापासून अडीच कोस आत, खडकाळ माळाच्या उतारावर त्यांचा तांडा. महिन्या-दोन महिन्यांनी नाईक माझ्याकडे येत. प्रातःसंध्या आटोपून मी ओसरीवर आलो की ते आधीच पायरीखाली उभे असत. कितीही आग्रह केला तरी जोडे बाहेर काढून, पागोटे सारखे करून मगच वर बसत आणि म्हणत, “गुरुजी, एक कागद करायचा हाय.” कागद नेहमी एकच असे. तांड्यावर सकाळ-सायंकाळ सरकारी गाडी यावी. मी तो सुबोध, शुद्ध भाषेत लिहून देई. ते माझ्याकडून वाचवून घेत, अंगठा उठवीत आणि शाई वाळेपर्यंत त्यावर हलकी फुंकर घालीत बसत.

या आग्रहामागे त्यांची नात होती, शेवंता. तांड्यावरची शाळा सातवीपर्यंतच. आठवीपासूनचे वर्ग फाट्यावर, आणि पायवाटेवर मध्ये एक ओढा; गाडीची सडक मात्र लांबच्या पुलावरून. तांड्यातील एकही मुलगी तोवर आठवीत बसली नव्हती. “हिला तुमच्या हाताखाली बसवायची हाय,” ते म्हणत. आमच्याकडे संस्कृत आठवीपासून सुरू होई. तिच्यासाठी मी पाठ्यपुस्तकाची एक प्रत आणून, कागदी वेष्टन घालून, देवघराशेजारच्या फळीवर ठेवली होती.

हिंगोली जिल्हा नव्याने झाला, तेव्हा नाईकांना फार आनंद झाला. परभणीपर्यंतचा हेलपाटा वाचला, आता साहेब जवळ आले, असे ते सर्वांना सांगत. त्यानंतर थोड्याच दिवसांत परिवहन खात्याची सूचना फाट्यावर लागली: तोट्यातील मार्ग, भाडे आणि गाड्यांची सुधारणा यांविषयी लोकांनी आपले म्हणणे समक्ष मांडावे. नाईकांनी मला सोबत नेले. सभागृहात खात्याच्या साहेबांसमोर प्रत्येक जण भाडेवाढीवर तुटून पडला होता. नाईकांची पाळी आली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “भाडं वाढवा. पन गाडी धाडा.”

मागून कोणी तरी म्हणाले, “नाईक, लई पैका झाला वाटतं कमरेला?” हशा पिकला.

“हसा,” नाईक म्हणाले. “आमचे आजे बैलावर मीठ वाहत व्हते. मोठ्या बाजारात नफा काढायचे अन् त्याच फेरीत धा घरांच्या वाडीलाबी मीठ घालायचे. तितं काय मिळत व्हतं? पन तोटा हाय म्हणून कोन्ची वाडी वगळली न्हाई. तुमी काहून वगळून राहिले, साहेब?”

 खात्याचा कारभार सावरण्याविषयी इतका विचारपूर्ण उपाय त्या दिवशी दुसऱ्या कोणी सांगितला नाही. साहेबांनी सौजन्याने मान डोलावली आणि सूचनेची नोंद घेतल्याचे सांगितले. “आता बसा, बाबा.”

“बसतो. निवाडा झाल्याबगर उठत न्हाई,” नाईक म्हणाले आणि खरोखरच मांडी घालून भुईवर बसले. तांड्याच्या बैठकीची रीतच तशी होती. म्हणणे ऐकले की निर्णय त्याच बैठकीत व्हायचा. तोवर कोणी उठायचे नाही. निर्णय झाला की गूळ वाटायचा. दोन्ही पक्षांनी तो खाल्ला की शब्द पक्का. पुढे तो नाईकालाही फिरवता येत नसे.

सभा संपता संपता शिपाई पेढ्यांचे खोके घेऊन फिरू लागला. माझ्या शेजारचा कारकून कानाशी लागून म्हणाला, “साहेबांची बढती झाली. पुण्याला चालले परवा.” मी नाईकांकडे पाहिले. त्यांची दृष्टी साहेबांवर खिळली होती. साहेबांनी पेढा तोंडात टाकलेला त्यांनी पाहिला, हात जोडले, आपल्या वाट्याच्या पेढ्याचा कण जिभेवर ठेवला आणि उरलेला धोतराच्या सोग्यात बांधला. मग मोठ्या अपेक्षेने माझ्याकडे पाहिले. बाहेरचे काही न खाण्याचा माझा नेम होता. त्यांचा चेहरा पाहून मी तो मोडला आणि पेढा खाल्ला. खरे काय ते वाटेत सांगू, असे मनाशी ठरविले. वाटेत ते लहान मुलासारखे बोलत होते. माझ्याने सांगवले नाही.

तांड्यावर त्यांनी तो पेढा परातभर गुळात कालवून घरोघर वाटला. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या शेतातील ओढ्यालगतचा काळ्या मातीचा तुकडा त्यांनी मोकळा करायला घेतला. गाडी वळायला जागा किती लागते, हे फाट्यावरच्या एका चालकाला विचारून घेतले. मध्ये खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ आखले. सारा तांडा महिनाभर दगड वेचत होता. कडेला, गाडीची वाट पाहणाऱ्यांना सावली हवी म्हणून, नाईकांनी कडुलिंब लावला.

त्या वर्तुळावर ते पाऊलही वाकडे पडू देत नसत. उन्हाळ्यात बाया विचारीत, “नाईक, गाडी येईस्तोवर मिरच्या तरी वाळू घालाव का? तुमची गाडी काय आज येत न्हाई.”

“नगं. चाकाखाली येतील,” ते गंभीरपणे उत्तर देत. बाया पदर तोंडाला लावून हसत. शेवंताही हसे. ती तेव्हा सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती.

गाडी आली नाही. नवे साहेब आले. त्यांच्याकडे जुन्या सभेचा कागद सापडला नाही. मी पुन्हा पुन्हा अर्ज लिहिले. अखेरीस एक उत्तर आले की, मार्ग तोट्याचा ठरत असल्याने विनंती मान्य करता येत नाही. शेवंताने एक पावसाळा ओढा ओलांडून येण्याचा प्रयत्न केला. श्रावणात पाण्याने तिला खाली ओढले. गुराख्यांनी काढले म्हणून वाचली. त्यानंतर तिच्या आईने तिला पाठविले नाही. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. वेष्टन घातलेले पुस्तक माझ्याकडे परत आले; ते मी दुसऱ्या मुलीला दिले नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

त्या लग्नानंतर मी तांड्यावर गेलो. जन्मभर वर्गात सत्यवचनाची थोरवी सांगितलेल्या माणसाला एवढे एक वाक्य उच्चारायला तीन वर्षे लागली होती. नाईक लिंबाला पाणी घालीत होते.

“नाईक,” मी म्हणालो, “तो पेढा निवाड्याचा नव्हता. साहेबांना बढती मिळाली होती, त्याचा होता.”

त्यांनी घागर खाली ठेवली. “तुमाला कवा कळलं?”

“तेव्हाच. सभेतच.”

 मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, “मंग तुमी काहून खाल्ला?”

 त्यांच्या स्वरात राग असता तर मला बरे वाटले असते.

“साहेबानं खाल्ला, तुमी खाल्ला, म्या खाल्ला,” ते म्हणाले. “साऱ्या तांड्याच्या तोंडात गेला. आता ही जागा मला पेरता येत न्हाई, गुरुजी.” आणि त्यांनी घागर उचलली.

त्यांनी ती कधीच पेरली नाही. पायरीखाली येऊन उभे राहणेही हळूहळू थांबले. दोन हिवाळ्यांनी ते वारले. निरोप मला उशिरा मिळाला. पोहोचलो तेव्हा सारे आटोपले होते. त्यांचा मुलगाही त्या वर्तुळाच्या कडेकडेने नांगर वळवून नेतो. मध्ये कुसळ वाढले आहे. लिंब मात्र चांगला डोक्यावर आला आहे.

पुढे निवृत्तीनंतर एकदा तशीच सूचना पुन्हा फाट्यावर लागली. मी एकटाच गेलो. त्या दिवशी प्रथमच मी कागदावर माझी भाषा वापरली नाही. नाईकांचे बोलणे, मिठाचे आणि वाडीचे, जसेच्या तसे लिहून नेले आणि वाचून दाखविले. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी नोंद घेतल्याचे सांगितले. चहा आला, मी घेतला नाही. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, साहेबही गेले. मी बसून राहिलो. शिपायाने एकेक पंखा बंद केला आणि दारापाशी येऊन थांबला.

“गुरुजी, उठा आता. कुलूप लावायचं हाय.”

मी उठलो.