मिलिटरीसाठी केलेली चिखलणी

आता ही फजिती कुठल्या तोंडानं सांगू? पण चहा तुमचा आहे, तेव्हा सांगितलीच पाहिजे. फक्त एक अट. हसायचं ते शेवटी हसा. मधेच हसलात तर कप टाकून उठून जाईन. तसाच, अनवाणी!

हो, अनवाणी. बघा की पाय! सगळं घोडं तिथंच अडलंय.

तुम्हाला ठाऊकच आहे, विंझरपासून आत, डोंगराच्या बुडाशी आमचं गाव. भोर संस्थान विलीन झालं, पुढं आमच्याकडं ग्रामपंचायत आली, आणि पहिल्याच निवडणुकीत मी उभा राहिलो. समोर धोंडिबा. माणूस कामाचा, पण चार लोकांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा त्याला. आणि मी? मी मारुतीच्या पारावर चढलो, पायातल्या वहाणा काढून लोकांसमोर ठेवल्या आणि गरजलो, "गावात एसटी आल्याबिगर हा गडी पायात वहाण घालणार न्हाई!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! धोंडिबा पडला, मी सरपंच झालो. वहाणा मात्र त्या गर्दीत कुणीतरी लांबवल्या.

पुढं पावसाळे आले नि गेले, एसटी काही येईना. यायला रस्ता हवा ना! आमचा रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या दोन चाकोऱ्या. मी भोरला हेलपाटे घालायचो आणि घरी आलो की आमची सोनाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, माझा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटे काढत बसायची.

"एसटी यील तवा यील," ती म्हणायची, "माझ्या सुया मोडल्या सगळ्या."

खोटं कशाला बोलू? पहिल्या काट्यालाच मला त्या शपथेचा पश्चात्ताप झाला होता. पण गावासमोर घेतलेली शपथ! मोडली असती तर धोंडिबाला काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं माझ्या पायांकडं बघितलं असतं तरी पुरे होतं.

अशात एक दिवस तलाठी भाऊसाहेब आले. म्हणाले, "सरपंच, सोमवारी मिलिटरीचे थोरले ट्रक तुमच्या रस्त्यानं खिंडीत जाणार हायेत. नव्या गाड्यांची चाचणी हाय. आन् त्यांच्या मागनं..."

मी पुढचं ऐकलंच नाही हो! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरपंचाला विचारतो कोण? पण मिलिटरीचा ट्रक आमच्या रस्त्यात रुतला, तर बोंब थेट दिल्लीला पोचणार. सरकार खडबडून जागं होणार. रस्ता पक्का होणार, एसटी येणार आणि माझ्या पायात वहाण!

अडचण एकच होती. दिवस पौषाचे. रस्ता खडखडीत वाळलेला. त्यावर ट्रक रुतणार कसा?

अहो, मी भाताच्या गावचा सरपंच! लावणीच्या आधी खाचरात पाणी कोंडून, औत फिरवून चिखलणी करतात, त्यात आमचं सगळं आयुष्य गेलं. मी मारुतीपुढच्या सखल जागी रस्त्याला आडवे बांध घातले, ओढ्याचं पाणी आत वळवलं आणि चार जोड्यांची औतं फिरवली. रस्ता असा लोण्यासारखा झाला की रोपं आणली असती तर लगेच लावणी करता आली असती.

धोंडिबा कडेला उभा राहून बघत होता.

"तात्या, रस्ता हाय त्यो. चिखल करून एसटी यील व्हय?"

"तुला राजकारण कळत न्हाई, धोंडिबा. म्हणून तर पडलास."

सोमवार उजाडला. मी बैलांना झुली घालून, दावी घेऊन तयार. ट्रक रुतले की आधी बघत राहायचं, मग ओढून काढायचे आणि मग हात जोडून रस्त्याचं गाऱ्हाणं घालायचं, असा बेत होता.

आणि ट्रक आले. बाप रे! एकेकाला सहा चाकं आणि सहाच्या सहा चाकांना इंजिनाचा जोर. नुसतं चाकच माझ्या छातीला लागत होतं. एकावर वाळूची पोती, दुसऱ्यावर पाण्याची टाकी, तिसऱ्यावर भलीमोठी क्रेन. पुढच्या गाडीत सुभेदार होते, साताऱ्याकडचेच. ते म्हणाले, "एकाच घरची भावंडं हायेत ही. थोरला वजन उचलतो, मधला पाणी वाहतो, धाकटा माल. चिखलाला एक बी भीत न्हाई."

मी मनात म्हटलं, आमचा चिखल अजून बघितला नाहीस तू!

धाकटा चिखलात उतरला. मी दावी सरसावली. म्हशीनं डोहात शिरावं तसा तो आरामात शिरला, आणि तसाच पलीकडं निघाला. मागं मधला. मागं थोरला. रुतणं सोडा, कुणी वेगसुद्धा कमी केला नाही! माझे बैल तेवढे बुजले आणि झुलीसकट शेतातून पळाले. चिखलाचे सगळे शिंतोडे माझ्या फेट्यावर.

मी मटकन पारावर बसलो. एवढी चिखलणी मातीत गेली! तेवढ्यात मागून एक जीप आली, ती थेट चिखलात घुसली आणि बसली. चाकं दिसेनात. आतून एक टोपीवाले साहेब उतरले ते गुडघ्याएवढ्या चिखलात.

मला केवढा हुरूप आला! ट्रक नाही तर जीप. मिलिटरीचाच कुणी बडा साहेब असणार. मी धावलो.

"रस्ता असा कसा?" साहेब म्हणाले. "मागच्या महिन्यात मी आलो तेव्हा तर चांगला कोरडा होता."

मागच्या महिन्यात मी नेमका भोरला हेलपाटे घालत असणार. पण मी कशाला मागं हटतोय?

"साहेब, त्यो वरवर कोरडा. आतनं असाच. बारा म्हैने असाच!"

"पाऊस नसताना?"

"पाऊस नसला की जास्त!"

मागून भाऊसाहेब माझा सदरा ओढत होते. "सरपंच, जरा ऐका..."

"थांबा हो भाऊसाहेब!" मी मारुतीकडं हात केला. "साहेब, ह्या मारुतीची आन! आज्याच्या काळापासनं ह्या रस्त्यावर असाच चिखल हाय."

साहेबांनी बुटातलं पाणी ओतलं. "बरं झालं, स्पष्ट सांगितलंत. मी रस्ता पास केला होता. पुढच्या महिन्यात गाडी सुरू व्हायची होती. आज फक्त थांबा कुठं करायचा ते बघायला आलो होतो. पण बारा महिने हे असं असेल, तर प्रवासी घेऊन गाडी इथं कशी सोडायची?"

"कसली गाडी?"

"एसटी."

भाऊसाहेब हळूच म्हणाले, "म्या तेच सांगत हुतो. मागनं एसटीचे साहेब येणार हायेत म्हणून."

सांगा आता, मी काय करायचं होतं? चिखल मीच केला म्हणावं, तर सरकारी रस्ता खणला म्हणून बेड्या. गप्प बसावं, तर एसटी गेली. आणि वर मारुतीची खोटी शपथ! धोंडिबाकडं बघायची छाती झाली नाही माझी. गावातल्या आयाबाया नुसत्या बघत होत्या. खरं सांगतो, त्या वेळी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं, पण तिथं तर चिखल होता.

थोरल्यानं मागं येऊन क्रेननं जीप उचलली, कोरड्यावर ठेवली आणि साहेब आल्या वाटेनं परत गेले.

सुभेदार मात्र खूश. "सरपंच, असला नामी चिखल उभ्या मुलखात गावला न्हाई. रस्ता असाच ऱ्हाऊ द्या. आमी वर्साला हितंच येणार." आणि येतात हो! दरवर्षी येतात, म्हणून ते बांध मोडायचीही सोय राहिली नाही. मधल्या एका पावसाळ्यात कुणीतरी त्या चिखलात आंबेमोहर लावला. कुणी लावला ते मी विचारलं नाही.

जाता जाता सुभेदारांचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. त्यांना दया आली. गाडीतून मिलिटरीचे नवेकोरे बूट काढले, जाड तळाचे, खिळे मारलेले. मी हात मागं घेतले. म्हटलं, "शपथ हाय."

तेवढ्यात सोनाबाई पुढं झाली. "आणा हिकडं. शपथ ह्यांनी घेतलीया, म्या न्हाई."

तेव्हापासून वेल्ह्याच्या बाजाराला निघालो की ती पुढं, लुगडं वर खोचून, बूट वाजवत. मी मागं, गाठोडं डोक्यावर घेऊन, अनवाणी. मारुतीपुढचा चिखल आला की ती बुटांनी खाडखाड पार होते, पलीकडं थांबते आणि मागं वळून साऱ्या वाटेला ऐकू जाईल असं म्हणते,

"या की बिनघोर! तुमीच केल्याला रस्ता हाय!"