टेंटरच्या माळावरची केझिया

आमच्या थॉर्नक्लफच्या खोऱ्यात कुणाचा जीव टांगणीला लागला, की लोक अजून म्हणतात, “बिचारी टेंटरच्या आकड्यांवर आहे.” टेंटर म्हणजे माळावर रोवलेली लांबच लांब लाकडी चौकट. गिरणीत कुटून धुतलेलं ओलं लोकरी कापड तिच्यावर ताणून वाळवायचं, नाहीतर ते आक्रसून त्याचं घोंगडं व्हायचं. वरच्या दांड्यावर टोकदार आकडे, खालच्या दांड्यावर तसेच, आणि मधे कापड. ना सुटता येत, ना सैल होता येत. आता कापड गिरणीतच वाफेवर वाळतं आणि जुन्या चौकटी कधीच चुलीत गेल्या. राहिला तो नुसता बोलण्यातला शब्द, आणि तोही शहरातली शिकलेली माणसं चुकीचा लिहितात. ‘टेंटर’चं ‘टेंडर’ करतात. टेंडर म्हणजे मऊ, हळुवार. असं लिहिणाऱ्यांनी ते आकडे कधी हातात धरले नसणार.

केझिया सटक्लिफने ते जन्मभर धरले. तिच्या बोटांची टोकं सदा फाटलेली असायची. रात्री ती त्यांना मेंढीची चरबी चोळायची आणि सकाळी पुन्हा माळावर हजर. तिचं लग्न झालं नव्हतं. धाकट्या भावाच्या, जेबेझच्या, बाळंतपणात आई गेली. मागोमाग बापही खोकून खोकून गेला. ओटची पेज आणि रागावणं, या दोन गोष्टींवर केझियाने त्या पोराला वाढवलं. तो मोठा झाला, तेव्हा गिरणीच्या हॉलरॉइड मालकांकडे तिनेच शब्द टाकून त्याला माळावर रात्रीचा राखणदार म्हणून चिकटवलं. पुढे त्याचं मार्थाशी लग्न झालं आणि दोघं केझियाच्या शेजारच्याच खोलीत राहू लागली.

केझियाच्या कामाचा गावात दरारा होता. तिने ताणलेलं कापड वाऱ्याला न्यायचं असेल तर चौकटीसकट न्यावं लागेल, असं बायका हसत म्हणायच्या. केझियाला ते आवडायचं. ती स्वतःही चारचौघांत तसंच म्हणायची.

त्या नोव्हेंबरात गारठा असा होता, की ओलं कापड हाताला चटके द्यायचं. संध्याकाळच्या सुमारास शेवटचा तागा आला. गर्द निळा, रुंद पन्ह्याचा. वरची कड तिने नेहमीसारखी लावली. खाली वाकली तेव्हा उजव्या हाताची बोटं वळेनात. तिने खालची कड एक आकडा सोडून एक अशी अडकवली, कापड ताणायला खालचा दांडा जेमतेम दाबला आणि म्हणाली, “उरलेलं सकाळी बघू.” असं तिने आधीही एखाददोनदा केलं होतं. कधी काही बिघडलं नव्हतं.

रात्री वादळ झालं. सकाळी पाहतात तर बाकीचे सगळे तागे जागच्या जागी आणि ती एक चौकट रिकामी. मालक आले, गावचा कॉन्स्टेबल बॅरक्लफ आला. जेबेझ नखशिखांत भिजून उभा होता. “वारा उभं राहू देईना, म्हणून थोडा वेळ छपरात बसलो होतो,” तो म्हणाला. बॅरक्लफ भला माणूस. त्याने उताराखाली, गिरणीच्या काळ्या तळ्याकडे बोट केलं.

“वाऱ्याने नेलं असणार, मालक. दोर आणि गळ घेऊन आलोय. तळं खरवडून बघू या.”

मालक केझियाकडे वळले. “काय गं केझिया, तुझं कापड वाऱ्याने जाईल?”

सगळ्या बायका बघत होत्या. केझियाच्या तोंडून नेहमीचं वाक्य निघून गेलं. “माझ्या आकड्यांवरून? वाऱ्याची काय बिशाद!”

बायका हसल्या. बॅरक्लफने दोर खाली ठेवला.

“मग माणसानेच काढून नेलं,” मालक म्हणाले, आणि सगळ्यांच्या नजरा जेबेझवर गेल्या.

तेव्हा कुठे आपण काय बोलून बसलो ते केझियाला उमगलं. दुपारी ती मालकांच्या दारात उभी राहिली. “मालक, खालची कड सैल राहिली होती. हात चालत नव्हते. एकदा तळं बघा.”

“सकाळी काय म्हणालीस सगळ्यांसमोर?”

“चुकून म्हणाले.”

“भावावर आलं, तेव्हा बरी चूक आठवली! पुराच्या पाण्यात तळं खरवडायला मी गिरणी बंद ठेवू? जा, कामाला लाग.”

त्याच आठवड्यात जेबेझने मार्थासाठी नवी शाल आणली होती. एवढंसं निमित्त, पण लोकांना तेवढं पुरलं. त्याला यॉर्कच्या तुरुंगात नेलं. खटला उभा राहायला वसंत ऋतू उजाडावा लागणार होता. तोवर केझिया रोज माळावर कापड ताणत राहिली. गाडीवान घाट चढून आला, की यॉर्कची काही बातमी असेल म्हणून तिचे हात थबकायचे. ती दिसली, की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. एकदा म्हातारी सूझन कुणाला तरी हळूच म्हणाली, “आकड्यांवर आहे गं ती, आत्ता तिला काही विचारू नका.” चेष्टेने नव्हे, कळवळून म्हणाली.

मार्थाने मात्र तिच्याशी बोलणं टाकलं होतं. केझिया तीनदा तिच्या दारावर थाप मारून आली. आत चरखा थांबायचा, पण दार उघडायचं नाही.

यॉर्कच्या कोर्टात केझियाला साक्षीला उभं केलं. “त्या सकाळी तुम्ही काय म्हणालात, तेवढंच सांगा,” वकील म्हणाला. तिने सांगितलं. पुढे ती कडेबद्दल बोलू लागली, तर न्यायाधीशांनी हात वर केला. “बहीण आहे. समजण्यासारखं आहे. बसा.” तिचं बोलणं तिथेच संपलं. जेबेझला सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

नेण्याआधी भेटायला दिलं. गजांतून त्याने तिची बोटं धरली आणि उलटसुलट करून पाहिली.

“चरबी लावत नाहीस वाटतं?”

“जेबेझ, मी...”

“रडू नकोस, केझी. तू खोटं बोलली नाहीस.”

“खरंही बोलले नाही रे!”

“मग परत आल्यावर भांडू त्यावर. सात वर्षं म्हणजे काय, मला चालायला शिकवायला तुला लागली त्याहून थोडी जास्त.” तो हसला. लहानपणापासून त्याला वेळ पाहून हसणं जमत नसे. “मार्थाकडे बघ. तोंडाने फटकळ आहे, पण एकटीच्याने व्हायचं नाही तिच्या.”

जहाज निघाल्याचं कळलं. त्यानंतर काहीच कळलं नाही. केझिया मार्थाच्या उंबऱ्यावर रोज कोळसा आणि ओटच्या भाकऱ्या ठेवायची. भाकऱ्या आत जायच्या, दार बंदच. माळावर आता ती एकही आकडा रिकामा सोडत नसे. रक्त आलं तरी नाही. “कापडाला डाग पडेल गं,” बायका म्हणायच्या. ती हात पुसून पुन्हा वाकायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात खोऱ्यात पाऊसच झाला नाही. ओढा आटला, गिरणीचं चाक थांबलं आणि तळ्याचा तळ उघडा पडला. गाळ काढायला उतरलेल्या माणसांनी हाक मारली. बुडालेल्या झाडाच्या खोडाभोवती गर्द निळं कापड गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते काठावर आणून पसरलं. सगळं गाव जमलं. केझिया गुडघ्यांवर बसली आणि खालच्या कडेवरून हात फिरवत गेली. भोक, मोकळी जागा, भोक, मोकळी जागा.

“बघा,” ती मालकांना म्हणाली. “हे मी तुम्हाला दारात सांगितलं होतं.”

हॉलरॉइड मालकांनी टोपी काढली. ते वाईट नव्हते. त्यांनी लंडनला खटपट केली, बॅरक्लफने साक्ष दिली. पानगळीच्या दिवसांत मालक स्वतः केझियाच्या खोलीवर आले.

“सरकारने जेबेझला माफी दिली.”

“माफी?” केझिया म्हणाली. “त्याने केलं काय होतं?”

मालकांनी तिच्यापुढे स्टूल सरकवलं. मग म्हणाले, “अजून एक आहे, केझिया. बस जरा.” जेबेझ जहाजावरच तापाने गेला होता. किनारा दिसायच्याही आधी. त्याला समुद्रात सोडलं होतं.

म्हणजे ती ज्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, तो पहिल्याच वर्षी संपला होता.

मालक गेल्यावर ती शेजारच्या दाराशी गेली. या वेळी थाप मारावी लागली नाही. मार्थाने मालकांना येताना पाहिलं होतं. ती दारातच उभी होती. केझियाने सांगितलं. मार्था दाराची चौकट धरून खाली बसली.

“कड सैल होती, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?” तिने विचारलं.

“आले होते गं. तू दार उघडलं नाहीस.”

“उघडलं असतं तरी मी तुला शिव्याच दिल्या असत्या.”

“त्या तरी मिळाल्या असत्या.”

मार्थाने तिला आत घेतलं. दोघींनी चहा केला, तो तसाच निवला. त्यानंतर त्या एका चुलीवर जेवू लागल्या. मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. कधी मार्था भर जेवणात ताट सरकवून उठायची, आणि केझिया तिला हाक मारत नसे. पुढे मार्थाने लीड्सच्या एका विणकराशी लग्न केलं. जाताना रडली ती केझियाच्याच गळ्यात पडून.

केझिया हात चालेनासे होईपर्यंत माळावर राहिली. ‘वाऱ्याची काय बिशाद’ हे तिच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही. एका फेब्रुवारीत ती झोपेतच गेली. निरोप मिळताच मार्था लीड्सहून बर्फातून आली. शेजारणी म्हणाल्या, “आम्ही घालतो की अंघोळ, तू दमून आलीस.” मार्थाने ऐकलं नाही. तिने पाणी कोमट केलं, केझियाचा चेहरा पुसला, केस विंचरले. मग केझियाचे ते दोन्ही हात तिने परातीतल्या पाण्यात धरले, आणि पाणी गार होईपर्यंत सोडले नाहीत.