साडूभाऊंचं नवीन पोट

आमच्या थोरल्या साडूंइतका मनापासून जेवणारा माणूस पुण्यात दुसरा झाला नसेल, आणि पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्याइतका मनापासून न जेवणाराही दुसरा कुणी मला दिसलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या बहिणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. दोघं बिबवेवाडीत राहतात. साडू विम्याच्या कचेरीत अधिकारी होते, पण त्यांच्या निरोपसमारंभात त्यांच्या कामाबद्दल एकही वक्ता बोलला नाही. सगळे त्यांच्या डब्याबद्दल बोलले. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांच्यासमोरून हलत नसत. परत यायचंच आहे, तर जायचं कशाला, असा साधा हिशेब. माणसंसुद्धा त्यांना पदार्थांवरून लक्षात राहायची. "विश्रांतवाडीचे काका गेले" असं सांगितलं तर त्यांचा चेहरा कोरा. "ज्यांच्या मुलाच्या मुंजीत मठ्ठ्याला आलं जास्त झालं होतं, ते" म्हटलं की लगेच डोळ्यांत पाणी. ते काकांसाठी की मठ्ठ्यासाठी, हे विचारायची सोय नव्हती.

देहही या कर्तृत्वाला साजेसा होता. प्लास्टिकच्या खुर्च्या ते एकात एक अशा दोन घालून घेत आणि तरीही बसण्याआधी त्यांच्याकडे संशयाने पाहत. रिक्षात बसले की ती एका अंगाला कलायची. एकदा रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "काका, जरा मधी सरका, नायतर आपण कात्रजलाच वळू." साखर होती, रक्तदाब होता, झोपेत श्वास अडकायचा आणि तो परत सुरू होईपर्यंत ताई अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहायच्या. डॉक्टरांनी खाणं कमी करायला सांगितलं की साडू त्यांनाच ऐकवत, "न खाऊन मेलेले मी तुम्हाला हवे तेवढे दाखवतो. बोला."

पण एका दुपारी गंमत झाली. म्हणजे आम्हाला ती गंमत वाटली. दोघं एका लग्नाला निघाली होती. साडूंना वाकता येत नसे, त्यामुळे त्यांच्या सँडलचे पट्टे ताई लावून देत. त्या दिवशी पट्टा लावता लावता ताईंचा गुडघा अडकला. त्यांना उठता येईना, आणि साडूंना वाकून हात देता येईना. ताईंनी आधाराला त्यांचा पाय धरलेला, त्यामुळे साडूंना हलताही येईना. दार उघडं. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त प्राध्यापक बाहेर आले. भरजरी झब्ब्यातले साडू ताठ उभे आणि शालूतल्या ताई त्यांच्या पायाशी, हे दृश्य त्यांनी नीट पाहून घेतलं. "पूजा चालली असेल तर नंतर येतो," असं म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्यांना हाका मारमारून परत बाहेर काढावं लागलं. ताईंना त्यांनीच उठवलं. त्या लग्नात साडूंनी बासुंदी दुसऱ्यांदा मागितली नाही. ताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. पुढच्याच आठवड्यात ते स्वतःहून, मला सोबत घेऊन, वजन उतरवण्याचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडे गेले.

सर्जन तरुण होते. पोटाचा मोठा भाग काढून टाकणार, उरलेलं साधारण वाटीएवढं राहील, असं त्यांनी चित्र काढून समजावलं. साडूंनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "वाटी कुठली? आमटीची की चटणीची?" डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला चटणीचीच समजा." मग निरोपसमारंभ सुरू झाले. मिसळीचा निरोप घेतला, साबुदाणावड्याचा घेतला, श्रीखंडाचा तर सकाळ-संध्याकाळ घेतला. पिठलं-भाकरीसाठी आम्ही लोणी काळभोरला त्यांच्या एका जुन्या मित्राच्या शेतावर गेलो. जेवण झाल्यावर साडूंनी मित्राला अशी मिठी मारली की तो बिचारा घाबरला. "अवो सायेब, पोटच बारीक करनार हाय ना? तुमी तर सरनावर चढाया निघाल्यावानी करताय!" साडू म्हणाले, "तुला नाही कळायचं." हे समारंभ आणखी महिनाभर चालले असते, पण ऑपरेशनच्या आधी काही दिवस नुसतं पातळ घ्यायचं असतं, म्हणून डॉक्टरांनीच ते बंद पाडले.

ऑपरेशन छान झालं, आणि आमचे हाल सुरू झाले. आधी नुसतं पाणी आणि सूप, मग घोटलेलं वरण, मग मऊ भात, अशा पायऱ्या चढता चढता साडू एका नव्या धर्माला लागले. घास चावून चावून त्याचं पाणी करायचं, जेवताना पाण्याला शिवायचं नाही, आधी प्रथिनं आणि उरली जागा तर बाकी सगळं, ही त्यांची नवी वचनं. स्वतः पाळली असती तर काही म्हणणं नव्हतं. पण ते समोरच्याचे घास चावलेले मोजत. आमच्याकडे आले की पिशवीतून आपली वाटी आणि बाळाला भरवायचा असतो तसला चमचा काढत, आणि माझ्या पानाकडे बघून म्हणत, "साडूभाऊ, हे गिळणं झालं. याला जेवण म्हणत नाहीत." उभा जन्म ज्या माणसाने अख्खा गुलाबजाम एका दमात पोचवला, त्याने हे मला सांगावं!

त्याहून भयंकर म्हणजे हॉटेल. स्वतःला खाता येत नाही, तर निदान पाहावं, म्हणून ते मला जेवायला नेऊ लागले. मेनूकार्ड वाचून टेबलभर पदार्थ ते मागवत, खायचे मी. पहिला घास घेतला की चौकशी सुरू.

"कशी आहे उसळ?"

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे काय? तिखट आधी लागतं का मागून? खोबरं भाजलेलं आहे का कच्चं? अहो, नीट सांगा की, तुम्हाला काय नुसतं खायला आणलंय?"

मी सांगत गेलो, खात गेलो. त्यांच्या अंगावरचं उतरत होतं आणि फार लांब न जाता माझ्या अंगावर चढत होतं. एकदा वेटरने त्यांच्यासमोरच्या वाटीतली दोन चमचे डाळ पाहून काळजीने विचारलं, "काका, खाना अच्छा नहीं लगा क्या?" साडू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वो बताएगा."

वजन भराभर उतरलं. गाल गेले, गळ्याखाली कातडी लोंबू लागली, मधल्या काळात केसही मूठमूठ गळले. आयुष्यभर पंखा पाचवर ठेवणारा माणूस एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसू लागला. जुन्या पँटी टाकवेनात, म्हणून पट्टा आवळून त्यांना चारी बाजूंनी चुण्या पाडून हिंडत. मागून पाहिलं तर परकर नेसल्यासारखे दिसायचे. लोकांनी अर्थातच लोकांना साजेसंच केलं. विश्रांतवाडीच्या काकू ताईंना बाजूला घेऊन कुजबुजल्या, "कुठपर्यंत पसरलंय गं?" आणि सोसायटीत कुणी विचारलं की साडू बेधडक ठोकून देत, "काही नाही हो, रात्रीचं जेवण सोडलं आणि चालायला लागलो. मनावर घ्यायला लागतं."

हे मनावर घेणं सोसायटीतल्या निवृत्तांनी मनावर घेतलं. साडूंच्या मागे पहाटे एक तांडा बागेत चालू लागला. साडू पुढे स्वेटर घालून, मागे शिष्य. सगळ्यात कडक शिष्य ते समोरचे प्राध्यापक. त्यांनी रात्रीचंच काय, सकाळचंही सोडलं, आणि एके दिवशी बागेच्या दारातच चक्कर येऊन खाली बसले. त्यांची बायको रडत ताईंकडे आली. म्हणाली, "हे म्हणतात, तुमचे यजमान करू शकतात तर मी का नाही!" ताईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगून टाकलं, "अहो, यांनी काही केलेलं नाही. यांचं पोट डॉक्टरांनी कापलंय. तुमच्या यजमानांना आधी पोटभर जेवायला वाढा." त्या दिवसापासून प्राध्यापक जिन्यात भेटले की विचारतात, "काय, मनावर टाके किती पडले होते?"

मला या सगळ्याचं हसू यायचं ते माझ्या पुतणीच्या लग्नापर्यंत. जेवणात जिलबी होती. साडू बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. ताई पाहुण्यांत गुंतल्या आहेत असं पाहून त्यांनी एक उचलली. मग आणखी एक. थोड्या वेळात त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, हातपाय कापू लागले. आम्ही त्यांना वधूपक्षाच्या खोलीत नेऊन गाद्यांच्या ढिगावर आडवं केलं. नात्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली. नव्या पोटाला एवढी साखर एकदम सोसत नाही, उतरेल थोड्या वेळाने, असा धीर दिला आणि साडूंना चांगलं झापलंही. सगळे गेल्यावर साडू छताकडे बघत म्हणाले, "जिलबी उत्तम होती." मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "साडूभाऊ, मला भूकच लागत नाही हो. डोक्यात लागते, पोटात लागत नाही. सकाळी उठलो की वाटतं, आज काय करायचं? पूर्वी उठल्यावर ठाऊक असायचं."

ताईंचं तर कुणी विचारलंच नव्हतं. सुरुवातीला त्या सवयीने जुन्याच अंदाजाने रांधत आणि उरलेलं शेजारीपाजारी वाटत. मग शेजारीही कंटाळले. मग ताईंनी रांधणं कमी केलं, आणि एक दिवस मोठी कढई आणि परात माळ्यावर टाकून दिल्या. माझी बायको सांगत होती, फोनवर ताई म्हणाली, "यांची साखर सुटली, श्वास नीट झाला, मी आता झोपते. सगळं चांगलं झालं. पण दुपारी काय करू, सांग?"

परवा संध्याकाळी मी सहज त्यांच्याकडे गेलो तर दोघं जेवायला बसली होती. दोघं एकदम, समोरासमोर. इतक्या वर्षांत हे मी प्रथमच पाहत होतो. पूर्वी साडू जेवत तेव्हा ताई तव्यापाशी उभ्या असायच्या, आणि साडूंचं होऊन ते झोपाळ्यावर गेले की मग उरलंसुरलं घेऊन ओट्यापाशीच उभ्या उभ्या खायच्या. आता साडूंना वाटीभर खिचडी संपवायला इतका वेळ लागतो की वाढायला काही उरलेलंच नाही. म्हणून ताई बसतात. साडू चावत होते, आणि चावताना दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे समोर बघत होते.

"तू आमटीतलं वांगं बाजूला का काढतेस?" त्यांनी विचारलं.

"मला नाही आवडत."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

साडू चावायचे थांबले. "अगं, आपल्याकडे दर आठवड्याला भरली वांगी असायची!"

"तुम्हाला आवडायची ना."

"मग कधी बोलली का नाहीस?"

ताईंनी भात कालवता कालवता सांगितलं, "जेवताना तुम्ही कधी वर बघितलंत?"

यावर साडूंकडे उत्तर असणार, अशी मला खात्री होती. त्यांच्याकडे ते नेहमी असतं. पण चमचा खाली ठेवून ते म्हणाले, "त्या भातावर तूप घे थोडं." ताई उठू लागल्या तशी त्यांनी हाताने खूण केली, "बस, बस. मी आणतो." आणि स्वेटर सावरत आत गेले.

बराच वेळ आतून डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येत राहिले. शेवटी बारीकसा आवाज आला, "अगं, आपल्याकडे तूप कुठं असतं?"

मी उठायला लागलो, तर ताईंनी मला डोळ्यांनीच बसवलं. "डावीकडे, वरच्या फळीवर," त्या म्हणाल्या, आणि समोरचा भात तसाच निवत ठेवून आतल्या दाराकडे बघत बसल्या.