मिझलकाकीच्या घरची फोडणी

मिझलकाकीच्या घरात कधी फोडणी पडत नसे. डाळ नुसत्या मीठ-हळदीवर शिजायची, कालवण सगळं एकत्र कालवून उकळायचं, सुका बोंबील थेट गॅसच्या आचेवर भाजला जायचा. मोहरी तिच्या डब्यात नव्हतीच. घणसोली गावातल्या तिच्या घराची वरची खोली आम्ही भाड्याने घेतली, तेव्हा तिने एकच अट घातली. "फोरनी द्याल तवा दार लावून घ्या." माझी आई परभणीकडची. तिच्या मते लसणाची फोडणी नसलेलं वरण म्हणजे आजाऱ्याचं पाणी. "घर त्यांचं, पण नाकसुद्धा त्यांच्याच ताब्यात का?" असं पुटपुटत ती दार लावायची, पण लावायची.

काकीचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. ती रोज दुपारी गल्लीबोळातून फिरायची आणि नवीन भाडेकरू दिसला की दारातच विचारायची, "पोराला मिझलची सुई दिली का?" बिहारची बाई असो, कोकणातली असो, काकीचा प्रश्न तोच. नाही म्हणणारीला ती सरळ हाताला धरून दवाखान्यात न्यायची. बायका वैतागायच्या. कुणी म्हणायचं, काकीला पालिकेने पगार लावलाय वाटतं. पण तिच्या तावडीतून सहसा कुणी सुटत नसे, आणि तिचं नावच मिझलकाकी पडलं.

मी तेव्हा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे अर्थातच अतिशहाणी. एकदा मी डिक्शनरी घेऊनच खाली गेले. "काकी, मिझल नाही, मीझल्स. म्हणजे गोव..."

तिने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला बोंबलाचा वास होता.

"तिचा नाव नको घेव गो. ती आयकते. विंग्रजी बोल. विंग्रजी तिला कलत नाय."

मला हसू आलं होतं, ते तिचा चेहरा बघून विरलं. ती आतल्या खोलीकडे बघत होती. तिथे एका कोपऱ्यात पितळी गुलासात पाणी भरून ठेवलेलं असायचं, दारावर कडुलिंबाची डहाळी असायची, आणि त्या खोलीत काकी कधी मोठ्याने बोलायची नाही. कुणीतरी झोपलंय अशी वावरायची. मला त्या कोपऱ्याची भीती वाटे. भाड्याचा निरोप द्यायला गेले तरी मी उंबऱ्याच्या आत पाय टाकत नसे.

जयूची गोष्ट आईला कळली ती एका दुपारी, दोघी सुकट निवडत बसल्या असताना. मी शेजारीच होते. जयू काकीची एकुलती एक लेक, जेमतेम शाळेत जायला लागलेली. तिला ताप आला, अंगावर पुरळ उठलं, आणि घरात पाहुणी बाय, म्हणजे देवी, आली म्हणून सगळं रीतीने सुरू झालं. नाव घ्यायचं नाही, फोडणी द्यायची नाही, तेल तडतडलं की बाय रागावते. पोर तापात सारखी म्हणत होती, "आये, फोरनीचा भात दे."

"मी बोलली, उद्या देतंय. ती गेली का देतंय." काकी सुकटीतला कचरा उगाच पुन्हा पुन्हा चाळत होती. "दवाखान्यात नेली तवा उशीर झालता. डाक्टर काय तरी विंग्रजी बोलला, मिझल, आनि सुई असते बोलला. मना तवा कलला, या शब्दानं कोन रागवत नाय."

"आणि मग?" आईने विचारलं.

"मग काय? पोर गेली. पावनीला वाटेला लावाची कोनाला सुद होती? ती ऱ्हायली हितंच."

पुरळ उतरलं की दहीभात, कडुलिंबाचा पाला घेऊन बायला वेशीपर्यंत बोळवायची रीत. ती व्हायचीच राहिली. म्हणून इतकी वर्षं त्या घरात पाहुणी होती, आणि म्हणून तिथे फोडणी नव्हती. त्या दिवसापासून आई दाराबरोबर खिडकीही लावायला लागली.

आणि मग रमा आजारी पडली, माझी धाकटी बहीण. बाबांच्या बदल्यांच्या धावपळीत तिची सुई राहून गेली होती आणि आईने काकीला "झाली असेल" असं सांगितलं होतं. डोळे लाल, ताप, कानामागून उठलेलं पुरळ. काकीने एकदा बघितलं, पोरीला खांद्यावर टाकलं आणि आई चप्पल शोधेपर्यंत ती रिक्षात बसलेली होती. पुढे रमाला घरी आणल्यावरही ती आमच्याच खोलीत बसून राही. रमाच्या पायावर हात ठेवून ती कुणाशी तरी हळू आवाजात बोलायची. "हिला नको. माझी नेलीस ना." बाबा असलं काही मानत नसत, पण तेही चपला बाहेर काढून हळूच आत येत. आईने स्वतःहून फोडणी बंद केली.

ताप उतरला त्या दुपारी रमाने डोळे उघडले आणि म्हणाली, "काकी, मला फोडणीचा भात पाहिजे."

रमाच्या अंगावर डाग अजून होते. काकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या तोंडून "उद्..." एवढं निघालं आणि ती थांबली. तो शब्द तिने एकदा उच्चारलेला होता. मग ती उठली आणि आईला म्हणाली, "मोहरी दे."

भात तिने खाली, स्वतःच्या घरात केला. मी पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत गेले होते. तेल तापलं, आणि मोहरी चिमटीत धरून ती नुसती उभी राहिली. मग डोळे मिटून तिने ती टाकली. तडतड झाली, लसणाचा वास घरभर पसरला, आणि आतल्या कोपऱ्यातून काहीही आलं नाही. काकीने दोन ताटल्या भरल्या. एक माझ्या हातात दिली, रमासाठी. दुसरी पितळी गुलासाशेजारी ठेवली.

"उशीर झाला गो जयू," ती म्हणाली. "खा."

संध्याकाळी दहीभात आणि लिंबाचा पाला घेऊन ती वेशीवर गेली. आई आणि मी मागे होतो. पुढून ट्रक धडधडत चालले होते. सगळं जमिनीवर ठेवून ती ताठ उभी राहिली आणि स्वच्छ, खणखणीत मराठीत म्हणाली, "गोवर, जा आता. माझ्या घरातून जा." त्या आजाराचं नाव तिच्या तोंडून मी तेवढं एकदाच ऐकलं.

काकी आता नाही. तिच्या घराच्या जागी भाड्याच्या खोल्यांची इमारत झाली आहे, आणि समोरच्या टॉवरमधल्या माझ्या स्वयंपाकघरातून ती जागा दिसते. फोडणी टाकताना माझा हात अजूनही आधी दाराकडे जातो. दार लावते. मग आठवतं, पाहुणी केव्हाच गेली, आणि दार आणि खिडकी दोन्ही सताड उघडते. वास खाली गावठाणापर्यंत जायला हवा. जयूला मी कधी पाहिलेलं नाही, पण ती जेवायची थांबलेली असेल असं मला रोज वाटतं.