भिंतीपलीकडचा फोन

टेलिफोनचा अर्ज करून वर्षं लोटली, तरी परभणीत आमच्या घरी जोडणी मिळेना. तोवर आमचे फोन शेजारी राहणाऱ्या, मोंढ्याच्या धान्यबाजारातल्या अडत्याकडं यायचे. हा गृहस्थ मला कधी बोलवायचाच नाही. स्वतःच ऐसपैस बोलायचा आणि मग भिंतीवरून डोकं काढून सांगायचा, "गुर्जी, जिंतूरहून ताईचा फोन आलता. म्या सांगितलं, समदं बेस हाय, फकस्त गुर्जी लय खोकायलेत." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी आमचा टेलिफोन आला. ताईला लगेच नंबर कळवला. तरी भिंतीवर पुन्हा तेच डोकं, "ताईचा फोन आलता!"

मी ताईला फोन लावून भांडलो. ती म्हणाली, "तू नुसतं 'ठीक आहे' म्हणतोस. तुझा खोकला त्यांना ऐकू येतो."

मी रिसीव्हर आदळला आणि आलेला खोकला भिंतीपलीकडं जाऊ नये म्हणून दाबून धरला.