घणाऐवजी बर्फ

दोना झुल्मिरा, म्हणजे झुल्मिराबाई, आमच्या गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. ब्राझीलच्या या डोंगराळ मुलखात निम्मं गाव नदीच्या वाळूत हिरे चाळतं, आणि खरा हिरा घणाखाली फुटत नाही, असं सगळेच धरून चाललेले. त्यांच्या वडिलांनीही सापडलेला खडा घणाखाली धरला होता. चुरा झाला. "काच होती," म्हणून लोक हसले. वडिलांनी पुन्हा चाळणी हातात धरली नाही. पुढे कॉलेजात शिकताना, कार्बनचा धडा चालू असताना बाईंना भर वर्गात रडू फुटलं, हे त्यांनीच मला सांगितलं.

एका शनिवारी दुपारी नदीवर वाळू चाळणारा अनाक्लेतो माझ्या खानावळीत घेवड्याच्या दाण्याएवढा खडा घेऊन आला. अकरा वर्षांतला पहिला. लोकांनी लगेच घण आणला. बाई कॉफी टाकून उठल्या आणि खड्यावर सरळ तळहात ठेवला.

"हात काढा बाई, चेंदामेंदा होईल!"

"माझा हात बरा होईल. हा पुन्हा जुळायचा नाही."

"खरा असेल तर फुटेल कशाला?"

"अरे, कठीण म्हणजे चिवट नव्हे. यातल्या प्रत्येक अणूनं चार शेजाऱ्यांना घट्ट धरलंय. अख्खा खडा म्हणजे एकच जाळी. ओरखडा उठणार नाही, पण नेमक्या दिशेनं ठोका बसला की उभा चिरतो. इरासी, बर्फ दे गं."

मी लादी ठेवली. त्यांनी आधी एक गारगोटी दाबली. जेमतेम खळगा पडला.

"हिचीही जाळीच, पण ऊब पुढे न्यायला हिऱ्याहून फार मंद. बर्फाचं वेगळं. पाण्याचे रेणू आतून पक्के, पण एकमेकांना नुसते टेकून उभे. जरा ऊब लागली की सुटले. आता तुझा खडा, तूच दाब."

खडा सरसर आत उतरला.

"आई गं! बोटं गारठली!" अनाक्लेतो ओरडला.

"तुझ्याच बोटांची ऊब घेऊन गेला तो. हिरा आहे, अनाक्लेतो."

त्यानं घण लांब सारला. "बाई, माझ्या आज्यानं असे तीन फोडले."

"माझ्या बापानं एक," बाई म्हणाल्या आणि थंड झालेली कॉफी पिऊन टाकली.

शहरातल्या पारख्यानंही तेच सांगितलं. मग दर शनिवारी खडे येऊ लागले. बहुतेक गारगोट्याच. बाई तोंडावर सांगायच्या. एक जण चिडला, "तुमचा बर्फच खोटा!"

बाईंनी त्याच्यापुढे दुसरी लादी सरकवली.