चौथीनं फक्त आकडे लिहायचे

"तू हात लावू नकोस. तुमच्या हातांना काचेची सवय नसते."

केमिस्ट्रीचे सर एवढं बोलले आणि माझ्या हातातली ब्युरेट काढून घेतली. पौडच्या कॉलेजात मी अकरावी सायन्सला नुकती आले होते. एका टेबलावर आम्ही चौघी. तिघींनी प्रयोग करायचा, मी आकडे लिहायचे. तुमच्या म्हणजे कुणाच्या, ते सरांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मालेच्या बौद्धवाडीतून मी एकटीच यायचे.

दारात माझे वडील, आबा, उभे होते. ते तिथंच शिपाई. सरांचा चहा घेऊन आले होते. त्यांनी ऐकलं. चहा ठेवला आणि गेले.

दोन वर्षं मी आकडे लिहिले. सुंदर अक्षरात लिहिले. बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी पिपेट हातात दिली. ओठानं किती ओढायचं, बोट कधी दाबायचं, काहीच माहीत नव्हतं. सगळं तोंडात आलं. थुंकले. मागून कुणीतरी हसलं. बाकीचे विषय सुटले, केमिस्ट्री राहिली.

आबा म्हणाले, "पिरंगुटला कंपनीत पोरी घेत्यात. तितं बघू."

"मला पुन्याला जायचंय, आबा. बीएस्सीला. ऑक्टोबरला परत बसते."

आबा म्हणाले, "बस. पर सरांशी वाकडं घिऊ नगंस. माझी भाकर हाय तितं."

परत बसणाऱ्यांना दुपारी लॅब उघडून द्यायचे. पहिल्याच दिवशी बाकीची पोरं टेबलांना लागली. मी पुढं झाले तर सरांनी बेसिनकडं बोट केलं. "तू काचसामान धू. तेवढीच सवय होईल." आणि हसले. गंमत केली होती त्यांनी. ती जास्त लागली.

मी धुतलं. रोज धुतलं. बोटांची सालं निघाली. वाटायचं, आज धुतलं की उद्या प्रयोग करू देतील. बेसिनपाशी उभी राहून दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघायचे. परीक्षा जवळ आली. शेवटी विचारलं.

"सर, मी कधी करू?"

"तुला कसली घाई? काठावर पास झालीस तरी पुण्यात जागा ठेवलेलीच आहे तुम्हाला. मेहनत आमच्या पोरांनी करायची."

आबा तेव्हा खिडक्या लावत होते. सर त्यांच्याकडं वळले. "अरे, समजाव जरा तुझ्या पोरीला."

अरे. आबा सरांपेक्षा वयानं कितीतरी मोठे.

आबा म्हणाले, "सर सांगत्यात ते कर गं." जयंतीला वाडीत घोषणा द्यायचे तेव्हा आबांचा आवाज शेवटच्या घरापर्यंत जायचा. हा आवाज मला ओळखूच आला नाही.

मी ओढणीला हात पुसले. रिकाम्या टेबलावर गेले. स्टँडला ब्युरेट लावली.

"दोन वर्षं तुम्ही मला शिकू दिलं न्हाई. म्हणून मी नापास झाले. आज मी करनार. आन् माझ्या वडलांना अहो म्हना. ते तुमच्याहून मोठे हायेत."

सरांसमोर मी नेहमी जपून, शुद्ध बोलायचे. त्या दिवशी नाही जपलं.

"बाहेर हो," सर म्हणाले.

नाही झाले. ब्युरेटचा नळ सोडला. पहिल्यांदा जास्त पडलं, द्रावण भडक गुलाबी झालं. ओतून दिलं. पुन्हा तेच. पुन्हा ओतलं. मग कधीतरी एका थेंबाला फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. वर बघितलं तर सर निघून गेले होते. आबा खिडकीपाशी तसेच उभे.

दोन दिवसांनी आबांना मागचे संडास धुवायला सांगितलं. कुणी आणि का, सगळ्या कॉलेजाला कळलं.

आई माझ्यावर कडाडली. "तुझ्या शाळंपायी बापाच्या हातात काय आलं बघ."

मला रडू फुटलं. "आबा, मी सरांची माफी मागते."

आबांनी भाकरीचं ताट बाजूला सारलं. "मागितलीस तर या घरात पाय ठिवू नगंस."

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांपुढं उभे राहिले. "मला शिपाई म्हनून घेतलंय. ह्ये काम करनार न्हाई." त्याच आठवड्यात नोकरी गेली.

ऑक्टोबरला मी पास झाले. पुढच्या जूनमध्ये पुण्यात बीएस्सीला जागा मिळाली. आबांची नोकरी परत मिळाली नाही, कधीच नाही. ते भरे गावाकडं रस्त्याच्या कामावर खडी टाकायला जायचे. नातेवाईक मला सांगतात, शिकलीस ना, आता सोड ते. मी सोडलेलं नाही. त्या सरांना माफ केलेलं नाही. करायचंही नाही.

पुण्यात पहिल्याच दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलीनं हळूच विचारलं, "तू रिझर्व्ह्ड सीटवर का गं?"

"व्हय," मी म्हटलं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. "बौद्ध हाय मी. मालेची. अजून काय विचारायचंय?"

तेव्हाच ठरवलं. हा प्रश्न कुणी कितीही हळू विचारो, माझं उत्तर मोठ्यानंच येईल.